पदवी आहे, पद कोठे आहे?

जून महिना उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशअर्जांचे गठ्ठे येऊन पडतात. ते हाताळणाऱ्या लिपिकांच्या स्वतःच्या घरीही एखादा अर्ज भरावयाचा राहिलेला असतो. यंदा कार्यालयातील एक ज्येष्ठ लिपिक मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले ते हातात एक माहितीपुस्तिका घेऊनच. त्यांच्या मुलीला बारावीला शास्त्र शाखेत चांगले गुण मिळाले होते. परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गुण शासकीय महाविद्यालयात जागा मिळण्याइतके नव्हते, आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क विचारण्याचे धाडस त्यांच्यापाशी नव्हते. पुस्तिका डायलिसिस तंत्रज्ञानातील पदवीची होती: तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम.

"सर, चार वर्षांनी मुलगी पदवीधर होईल, एवढे मला समजले," ते म्हणाले. "पण आमच्या साडूंचा मुलगा दोन वर्षांची पदविका घेऊन एका रुग्णालयात हेच काम करतो. त्याच्या शेजारच्या यंत्रावर पदवीवाला बसतो. दोघांचा पगार सारखाच. मग वरची दोन वर्षे कशासाठी घालायची, हे तुम्ही अर्थशास्त्रवाल्यांनी सांगा."

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र मला त्या दुपारी सरळपणे देता आले नाही. एका कुटुंबाच्या या प्रश्नात आपल्या आरोग्यव्यवस्थेचा एक मोठा दोष दडलेला आहे, हे त्यानंतर विचार करताना ध्यानात आले.

निम्म्याने मोजलेली माणसे

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि परिचारिका उभ्या राहतात. वस्तुतः रुग्ण आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत ज्या हातांतून जातो, त्यांतील पुष्कळसे हात या दोघांचेही नसतात. रक्त काढणारा व तपासणारा, क्ष-किरण चित्र घेणारा, भूल देण्याच्या यंत्राची सिद्धता करणारा, डायलिसिसचे यंत्र चालविणारा, नेत्रपरीक्षा करणारा, अपंगत्व आलेल्या अवयवाला पुन्हा हालते करणारा असा हा मोठा वर्ग आहे. आपण त्यांना वर्षानुवर्षे 'निमवैद्यकीय' म्हणत आलो. या शब्दातील 'निम' हे अक्षरच आपली दृष्टी सांगते. जुन्या काळी गावच्या दवाखान्यात कंपाऊंडर असे. औषधाची बाटली भरून तिच्यावर कागदी पट्टी चिकटविण्यापासून जखम बांधण्यापर्यंत सर्व कामे तो करी. शिकत असे तो डॉक्टरांच्या हाताखालीच. पुढे यंत्रे आली आणि कामे विभागली गेली. परंतु या माणसांकडे पाहण्याची आपली दृष्टी त्या कंपाऊंडराच्या काळातच राहिली.

या क्षेत्रातील पद्धतशीर शिक्षण आपल्याकडे अगदी नवे आहे असे मात्र नव्हे, आणि त्याच्या आरंभाचा मान काही अंशी महाराष्ट्राकडे जातो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले; आशिया खंडातील ते या विषयाचे पहिले विद्यालय होय. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या या बाईंनी नंतर नागपुरातही असे शिक्षण सुरू करण्यात पुढाकार घेतला. के. ई. एम.मध्येच त्याच दशकाच्या आरंभी भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. नाशिक येथे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, रक्तसंक्रमण अशा अनेक शाखांतील पदवी अभ्यासक्रमांना विद्यापीठाचे छत्र मिळाले. म्हणजे शिक्षण होते, विद्यार्थी होते, पदवीही होती. उणीव होती ती कायद्याची.

परिचारिकांसाठी केंद्राचा कायदा १९४७ साली झाला, औषधनिर्मात्यांसाठी १९४८ साली. १९९२ च्या कायद्याने पुनर्वसनाच्या क्षेत्रातील काही व्यवसायांना परिषद मिळाली. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम केला. परंतु प्रयोगशाळेत, क्ष-किरण कक्षात वा डायलिसिसच्या यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाची अर्हता कोणती असावी, हे सांगणारा देशव्यापी कायदा होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

न दिसणारे कौशल्य

कायद्याची एवढी निकड काय, असे कोणी विचारील. त्यासाठी या मुलीच्याच विषयाचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडले जाते. त्या चार तासांत त्याच्या रक्तापलीकडून, एका पातळ पडद्याआडून, सुमारे १२० लिटर शुद्धीकृत पाण्यातून सिद्ध केलेले द्रावण वाहून जाते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेल्या क्लोरिनचे संयुग त्या पाण्यात राहून गेले, तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची तपासणी रोज सकाळी कोणी केली, कशी केली, हे रुग्णाला दिसत नाही. त्याला दिसते ती खाट, पांढरी चादर आणि यंत्रावरचे लुकलुकणारे दिवे.

रक्ततपासणीचेही तसेच. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, नळी जोराने हलविली, तर नमुन्यातील पेशी फुटतात व पोटॅशियमचे प्रमाण आहे त्याहून अधिक दिसते. हृदयाचे ठोके बिघडविण्याइतके पोटॅशियम वाढले आहे, असे समजून डॉक्टर औषध देतात. चूक सुईपाशी झालेली असते. निदानाची चूक म्हणून ती डॉक्टरांच्या नावावर जमा होते, आणि औषध पडते ते रुग्णाच्या अंगावर.

अर्थशास्त्रात अशा व्यवहारांचा विचार पूर्वीच झालेला आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीपाल्यासारखी पारखून घेण्याची वस्तू नव्हे. तेथे विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन पुढचा मुद्दा मांडला: चांगला व वाईट माल ओळखताच येत नसेल, तर दोन्हींना एकच भाव मिळतो आणि चांगला माल बाजारातून हळूहळू काढता पाय घेतो. आमच्या लिपिकांच्या साडूंचा मुलगा आणि त्याच्या शेजारचा पदवीधर यांना एकच पगार का, याचे निम्मे उत्तर या सिद्धान्तात आहे. पदविकाधारकाचे काम वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. कोणाचे काम चांगले हे पाहण्याची व त्याची किंमत देण्याची सोयच या बाजारात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कुंपणाचा धोका

तरीही प्रत्येक कामाला पदवीची सक्ती करावी, असे माझे म्हणणे नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली व्यवसाय-परवान्यांवर जो आक्षेप घेतला, तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परवाना हा पुष्कळदा ग्राहकाच्या रक्षणाच्या नावाने घातला जातो आणि आत असलेल्यांच्या मिळकतीचे कुंपण होऊन बसतो. आपल्या देशाला तर हा धोका अधिक आहे. आपल्याकडे संलग्न आरोग्यसेवकांची उणीव सुमारे ६४ लाखांची असल्याचा अंदाज २०१२ साली केंद्र सरकारसाठी तयार झालेल्या अहवालात व्यक्त झाला होता. एवढी तूट असताना, ज्यांनी पंधरा-वीस वर्षे तालुक्याच्या गावी इमाने काम केले त्यांना केवळ कागद नाही म्हणून घरी बसविणे हे अन्यायाचे होईल व अविचाराचेही. त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांना नोंदवहीत सामावून घेण्याचा मार्ग मोकळा असलाच पाहिजे.

म्हणून पदवी हवी की नको, हा वाद मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा की, पदवी घेणाऱ्याला तिच्यामुळे नेमके कोणते अधिक काम, कोणती अधिक जबाबदारी आणि कोणती वेतनश्रेणी मिळणार आहे? याचे उत्तर नसेल, तर ती पदवी म्हणजे विद्यार्थ्याच्या घरच्यांनी भरलेला, पण कोणीही परत न करणारा एक कर होय.

एक साधा हिशेब

लिपिकमहाशयांसाठी मी कागदावर एक हिशेब मांडला. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपापल्या गावचे आकडे घालून पाहावेत. समजा, पदविकेला दोन वर्षे लागतात आणि पदवीला चार. पदविकाधारक दोन वर्षे आधी कामाला लागून महिना १२,००० रुपये मिळवितो. पदवीच्या विद्यार्थिनीने तेवढ्या काळात गमावलेली मिळकत झाली २,८८,००० रुपये. अर्थशास्त्रात यालाच संधी-खर्च म्हणतात. या दोन वर्षांचे शुल्क वर्षाला ६०,००० रुपये धरले, तर त्यात १,२०,००० रुपयांची भर पडून एकूण बोजा ४,०८,००० रुपयांचा झाला.

आता पदवीमुळे महिना ३,००० रुपये अधिक मिळाले, तर व्याज न धरताही हा खर्च भरून निघण्यास अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. ८,००० रुपये अधिक मिळाले, तर सव्वाचार वर्षांत भरून निघेल. आणि पगार सारखाच राहिला, तर तो कधीच निघणार नाही. मुलगी तीच, महाविद्यालय तेच, अभ्यासही तोच. पदवी किफायतीची की तोट्याची हे ठरते ते केवळ रुग्णालयाच्या पगारपत्रकावर. आमच्या लिपिकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे हे आमच्या हातात नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते.

पदाशी बांधलेली पदवी

अन्य देशांनी ही गाठ कशी बांधली, हे पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये वैद्यकाला पूरक अशा व्यवसायांच्या नोंदणीचा कायदा १९६० सालीच झाला. पुढे २००४ साली तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेत जी समान वेतनरचना आली, तिच्यात नव्याने पात्र झालेला क्ष-किरण तंत्रज्ञ आणि नव्याने पात्र झालेली परिचारिका यांना एकाच श्रेणीत प्रारंभ मिळाला, व वरच्या श्रेणींच्या पायऱ्याही आखून दिल्या गेल्या. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन डॉक्टरांच्या साहाय्यकांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्या माणसांना युद्धकाळातील अनुभव होता. त्यांना नाव, अधिकार व मर्यादा मिळाल्या, आणि पुढे त्यातून एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्याच देशात डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात नोंदी ठेवणारे, रक्तदाब घेणारे जे साध्या दर्जाचे साहाय्यक असतात, ते बहुधा वर्षभराच्या प्रमाणपत्रावर कामाला लागतात. त्यांतील कोणी पदवी घेतली, तर ती बहुधा व्यवस्थापनाच्या वरच्या जागेकडे जाण्यासाठी. म्हणजे कोणत्या कामाला किती शिक्षण, याचे उत्तर तेथे सर्वत्र एकच नाही. परंतु शिक्षणाच्या पुढे कोणती पायरी आहे हे विद्यार्थ्याला आधी दिसते.

आपल्याकडे डॉक्टरांच्या साहाय्यकांचे शिक्षण १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केले. त्या व्यवसायाला केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात स्थान मिळाले २०२१ साली. मधली एकोणतीस वर्षे ही मंडळी शिकत राहिली, कामे करीत राहिली. कायद्याच्या लेखी ती कोणीच नव्हती.

२०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग अधिनियमाने ही स्थिती कागदावर तरी बदलली. या कायद्याने व्यवसायांचे दहा वर्ग केले. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास दंडाची तरतूद केली. राज्यांनी आपापल्या परिषदा सहा महिन्यांत स्थापाव्यात, असेही त्यात म्हटले होते. हे सहा महिने किती लांबले, हे यावरून कळेल की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला व राज्यांना अंमलबजावणीसाठी मुदत घालून द्यावी लागली. २०२५ साली काही शाखांसाठी देशव्यापी अभ्यासक्रमही जाहीर झाले. त्यांत डायलिसिसचा समावेश आहे.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु तास मोजले, अभ्यासक्रम छापले, नोंदवह्या उघडल्या, तरी नोकरीच्या ठिकाणचा आकृतिबंध जुनाच राहिला तर काय होणार? पुरवठ्याच्या बाजूला पदवी वाढत जाईल आणि मागणीच्या बाजूला पद तेथेच राहील. शिक्षकी पेशातील आम्हा लोकांना हे दृश्य अनोळखी नाही. अर्हता वाढत गेली, तासिका तत्त्वावरच्या नेमणुकाही वाढत गेल्या, आणि पदव्युत्तर पदवी घेतलेली मुले तासाच्या मानधनावर दिवस काढू लागली. आरोग्याच्या क्षेत्रात याच चुकीची आवृत्ती निघू देता कामा नये.

शासनाच्या हाती असलेली किल्ली

येथे शासनाला हात वर करता येणार नाहीत. शासन हे केवळ नियम करणारे नाही. ते या बाजारातील एक मोठे ग्राहकही आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा देण्याची व्यवस्था झाली, आणि पुष्कळ ठिकाणी ती खाजगी भागीदाराकडून विकत घेतली जाते. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचे पैसे शासन रुग्णालयांना देते. जो पैसे मोजतो त्याला अट घालता येते. प्रत्येक पाळीत किमान एक नोंदणीकृत पदवीधर तंत्रज्ञ असला पाहिजे, पाण्याच्या तपासणीवर त्याची सही असली पाहिजे, आणि त्याचा पगार ठरलेल्या किमान श्रेणीखाली असता कामा नये, एवढ्या तीन अटी करारात घातल्या तर नवा कायदाही करावा लागणार नाही. शासकीय रुग्णालयांत सेवाप्रवेश नियम दुरुस्त करून तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ व विभागप्रमुख अशी शिडी उभी करावी, आणि पदविकाधारकाला नोकरी न सोडता पदवी पूर्ण करून त्या शिडीवर चढता यावे. नियमित स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर करून घेण्याची प्रथा मात्र थांबवावी.

विद्यापीठांनीही आपल्या बाजूचे उत्तर दिले पाहिजे. ज्या संस्थेला स्वतःचे वा करारबद्ध रुग्णालय नाही, तिने डायलिसिसची पदवी देणे म्हणजे विहिरीविना पोहणे शिकविणे होय. पालकांनी माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रे बाजूस ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: अभ्यासक्रमाला विद्यापीठाची व परिषदेची मान्यता आहे काय, विद्यार्थी प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात, किती यंत्रांवर करणार, आणि गेल्या दोन वर्षांतील विद्यार्थी आज कोठे, किती पगारावर आहेत. तिसऱ्या प्रश्नाला जी संस्था उत्तर देत नाही, तिने उत्तर दिलेलेच आहे असे समजावे.

आमच्या लिपिकांच्या मुलीने अखेर पदवीचाच अर्ज भरला. वडिलांच्या हिशेबापेक्षा तिचे कारण निराळे होते. तिच्या आजोबांचे डायलिसिस दोन वर्षे चालले होते, आणि ते यंत्र चालविणाऱ्याला पाण्याविषयी काही विचारले की तो उत्तर देत नसे, एवढे तिच्या लक्षात राहिले होते. उत्तर देता येईल इतके शिकावे, असे तिला वाटते. ही मुलगी चार वर्षांनी परीक्षा देऊन बाहेर पडेल, तेव्हा तिच्या हाती पदवी असेल. तिने आपल्या बाजूचे काम करावयाचे ठरविले आहे. आपल्या बाजूचे काम करण्यास शासनालाही तेवढीच चार वर्षे हाताशी आहेत. पदवीदानाच्या दिवशी तिच्यासाठी पद तयार नसेल, तर नापास ती झालेली नसेल.